मोटारसायकलचे ब्रेक: ताप, आवाज आणि झीज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रेकविषयी जे विचारलं जातं ते बहुतेक तीनच तक्रारींभोवती फिरतं: चाकाजवळ गरम लागतं, आवाज येतो, आणि आहेत ते पॅड अजून किती चालतील. तक्रारी तीन वाटतात, पण बिघाड बऱ्याचदा एकच असतो. पॅडला डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर) दाबणारा पिस्टन अडकला की पॅड तिला घासत राहतो, त्यामुळे डिस्क तापते, तापलेला पॅड किंचाळू लागतो आणि बघता बघता संपतो. म्हणून तिन्हींपैकी एक लक्षण दिसलं की उरलेली दोन शोधायचीच, ही सवय लावून घ्या. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

१. ब्रेक घरी तपासायचे आहेत, पण अवजारं फारशी नाहीत. सुरुवात कुठून करू?

टॉर्च, स्वच्छ फडकं आणि तुमचे कान एवढ्यावर निम्मं काम होतं. गाडी थंड असताना डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा आणि ते कसं थांबतं ते पाहा. पुढच्या चाकासाठी कुणाला तरी मागचा भाग दाबून धरायला सांगा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कला अगदी हलकं चाटून जातात, त्यामुळे बारीक 'सुर्र' असा आवाज सतत येत असेल तर काळजी नको. चाक एकाच जागी अडखळत असेल किंवा सोडताक्षणी थांबत असेल, तर मात्र काहीतरी धरतंय.

आता खरी परीक्षा. ब्रेक एकदा जोरात दाबा, सोडा आणि लगेच चाक पुन्हा फिरवा. आधी जेवढं मोकळं फिरत होतं तेवढंच आताही फिरायला हवं. जड झालं असेल तर ब्रेक सोडल्यावर पूर्ण मागे येत नाही, हे तिथेच सिद्ध झालं. पुढचं निदान प्रश्न ४ मध्ये आहे. यानंतर टॉर्चने पॅडची जाडी (प्रश्न १२), ब्रेक ऑइलची पातळी, पाइपच्या जोडांवरचा ओलावा आणि लिव्हरची मोकळी चाल पाहा. महिन्यातून एकदा दहा मिनिटं द्या. नियमित पाहत गेलात की तुमच्या गाडीचं 'नेहमीचं' काय आहे ते हाताला कळतं, आणि बदल झाला की तो लगेच जाणवतो.

२. फेरी मारून आल्यावर डिस्कला हात लावता येत नाही इतकी ती तापलेली असते. हे बरोबर आहे का?

हो. ब्रेकचं कामच गतीची उष्णता करण्याचं आहे. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन धरा. ताशी ७२ किलोमीटर वेगातून पूर्ण थांबताना सुमारे ४०,००० जूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ही सगळी उष्णता १ किलो पोलादात गेली तर त्याचं तापमान एका थांब्यातच सुमारे ८० अंशांनी चढेल. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३६ असेल, तर आकडा निम्मा होत नाही, चौथाईवर येतो: १०,००० जूल. वेगात मारलेले चार-पाच ब्रेक डिस्कला सहज चटका बसण्याइतकं तापवतात ते यामुळेच.

उताराचा हिशेब आणखी बोलका आहे. तेच २०० किलो ५०० मीटर उंचीवरून खाली आणायचे तर जवळजवळ १० लाख जूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. म्हणजे ताशी ७२ वरून सुमारे २५ वेळा थांबण्याइतकी. काही भाग हवा आणि इंजिन घेतं, पण गिअर मोठा ठेवून फक्त ब्रेकवर उतरलात तर बाकीचा सगळा बोजा डिस्क आणि ड्रमवरच.

ब्रेक वापरल्यावर डिस्क तापली तर काहीच बिघडलेलं नाही. न वापरता तापली तर ती तक्रार.

३. मग 'जास्त तापलंय' हे नेमकं ओळखायचं कसं?

वाहनं नसलेल्या सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा. शेवटी ॲक्सिलरेटर सोडून वेग मरू द्या आणि ज्या चाकाचा संशय आहे त्याचा ब्रेक न वापरता, दुसऱ्या ब्रेकने हळूच थांबा. उतरून हाताची मागची बाजू डिस्कपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा. डिस्कला बोट लावू नका. झळ लागत असेल तर ब्रेक धरतोय. ओल्या बोटाने एक थेंब सोडून पाहा; तो चर्र करून उडाला तर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर आहे आणि ब्रेक न वापरता तिथवर जाणं नक्कीच चूक आहे. ड्रम ब्रेकमध्ये (यात पॅडऐवजी शू ड्रमला आतून घासतात) झळ हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, घेरावर शोधा. उष्णता घेरावर कमी आणि अॅक्सलजवळ जास्त असेल तर ब्रेकपेक्षा बेअरिंगचा संशय धरा (प्रश्न ११).

लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक असेल तर एक खबरदारी घ्या. चकचकीत धातूवर ती खरं तापमान बरंच कमी दाखवते. त्यामुळे तिच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्याच जागेवर, त्याच अंतरावरून, दर वेळी मोजून तुलना करा. पुढे दोन डिस्क असतील तर डावी-उजवी तुलना सगळ्यात भरवशाची, कारण दोघींचं काम सारखंच असतं.

४. ब्रेक न लावताही चाक तापतं, गाडी जड ओढते. कारण कसं शोधू?

आधी स्वतःचा पाय पाहा. मागच्या पेडलवर बूट टेकवून चालवण्याची सवय असेल तर मागचा ब्रेकचा दिवा सतत पेटलेला दिसेल. मागे उभं राहून कुणीतरी पाहिलं की लगेच कळतं. आश्चर्य वाटेल इतक्या तक्रारी इथेच संपतात.

पाय निर्दोष निघाला तर डिस्क ब्रेकमध्ये दोनच शक्यता उरतात: एकतर पाइपात दाब अडकून राहतोय, किंवा कॅलिपरमध्ये (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या, डिस्कवर बसलेल्या भागात) काहीतरी हलत नाही. ही फारकत करायला सोपी तपासणी आहे. चाक धरलेलं असताना कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि निपल पाव फेरी सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. दोष मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) किंवा रबरी पाइपात आहे. ऑइल नुसतं ओघळलं आणि चाक तसंच जड राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये. निपल घट्ट करून लिव्हर कडक लागतोय आणि ऑइलची पातळी ठीक आहे याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नका.

कॅलिपरमध्ये काय अडकतं? पिस्टनला मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबरी सील ब्रेक दाबताना किंचित वाकतं आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. इतक्या नाजूक हालचालीला पिस्टनवरचा गंज किंवा चिकट धूळ पुरते. दुसरी अडकणारी जागा म्हणजे सरकत्या कॅलिपरच्या पिना. त्या कोरड्या पडल्या की कॅलिपर एका बाजूला ओढून राहतो. पिना काढून स्वच्छ करा आणि ब्रेकसाठी बनवलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकचं रबर फुगवतं, मग पिन आधीपेक्षा वाईट अडकते.

ड्रममध्ये कारणं वेगळी असतात: नट जास्त आवळून मोकळी चाल संपवलेली, शू बाहेर ढकलणारा कॅम सुकून अडकलेला, शूच्या स्प्रिंगा थकलेल्या, किंवा ब्रेकची तार गंजलेली. नट दोन फेऱ्या सैल करून चाक मोकळं झालं तर उत्तर मिळालं.

ब्रेक फक्त गरम झाल्यावर धरत असेल आणि थंड झाल्यावर सुटत असेल तर थेट शेवटचा प्रश्न वाचा.

५. लांब उतारावर ब्रेक लागेनासा झाला, अर्धा तास थांबल्यावर परत नीट. नेमकं काय झालं होतं?

त्या वेळी लिव्हर कसा लागत होता, हे आठवा. लिव्हर दगडासारखा कडक होता पण गाडी थांबत नव्हती, तर पॅड त्यांच्या क्षमतेबाहेर तापून घसरू लागले होते. लिव्हर मऊ पडून हँडलपर्यंत आला असेल तर कॅलिपरमधलं ऑइल उकळलं होतं. द्रव दबत नाही, वाफ दबते. तुमची सगळी ताकद वाफ दाबण्यात गेली. ड्रम ब्रेकमध्ये तिसराच प्रकार होतो: ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जाऊ लागतं.

ऑइल उकळलं असेल तर थंड झाल्यावर ब्रेक परत आला म्हणून विसरून जाऊ नका. ते ऑइल बदलायलाच हवं. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत चिकटवून न ठेवता मोजका जोर लावून वेग पाडा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

६. ब्रेक ऑइल कधी बदलायचं? रंगावरून कळतं का?

रंगावर जाऊ नका. काळं पडलेलं ऑइल जुनं असतं हे खरं, पण फिकट ऑइल चांगलंच असतं असं नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइलं हवेतली आर्द्रता शोषतात आणि पाणी शिरलं की त्यांचा उत्कलनबिंदू कोसळतो. मानकाप्रमाणे डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर किमान १४० असावा लागतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे पाणी शोषलेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही ५० अंश आधी उकळू शकतं. बहुतेक पुस्तिका दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी किती चालली याच्याशी याचा संबंध नाही. उभ्या गाडीतलं ऑइलही पाणी पितं.

नावं सारखी असली तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे. ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातून. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

७. तापलेली डिस्क पाणी ओतून थंड केली तर?

करू नका. एकाच बाजूने अचानक थंड झालेला धातू वाकडा होऊ शकतो. गाडी सावलीत उभी करा, किंवा रस्ता सपाट असेल तर ब्रेक न लावता सावकाश चालवत राहा. वारा हे काम जास्त चांगलं करतो. प्रश्न ३ मधला एक थेंब वेगळा आणि बादली वेगळी.

८. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र आवाज येतो आणि मग बंद होतो.

रात्रीच्या दवाने, पावसाने किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. पॅड तो पुसून काढतात. आवाज चार-पाच ब्रेकमध्ये गेला तर विसरा. दिवसभर टिकला तर प्रश्न १० पाहा.

९. पॅड नवे आहेत तरी थांबता थांबता ब्रेक किंचाळतो. पॅड निकृष्ट आहेत का?

कदाचित, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. किंचाळी म्हणजे पॅड आणि डिस्क यांच्यातली वेगवान थरथर. डिस्क घंटेसारखी वाजते. पॅडमध्ये जीव भरपूर असला तरी तो सैल बसला असेल, मागची पातळ पत्री राहून गेली असेल किंवा धरून ठेवणारी स्प्रिंग उलटी बसली असेल तर थरथर सुरू होते. म्हणून आधी पॅड काढून बसवणी तपासा. पॅडच्या मागच्या धातूवर, पिस्टन टेकतो तिथे, ब्रेकचं ग्रीस अगदी पुसट लावतात. घासणाऱ्या बाजूला त्याचा कणही जाता कामा नये.

मग पॅडचा पृष्ठभाग पाहा. काचेसारखा चमकत असेल तर तो जास्त तापून कडक झालाय. सपाट काचेवर खरखरीत पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड गोल गोल घासला की चमक जाते. मात्र पॅड तापला का, हा प्रश्न सोडू नका. धरून बसलेल्या ब्रेकमुळे चमक आली असेल तर आठवड्याभरात ती परत येईल. मिश्रणाचाही वाटा असतो: धातूचा चुरा दाबून बनवलेले सिंटर्ड पॅड ऑरगॅनिक पॅडपेक्षा सहसा जास्त आवाज करतात, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

आवाज जावा म्हणून डिस्कवर तेलाचा थेंब सोडणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज खरंच जातो. त्याच्यासोबत ब्रेकही जातो. कृपया कुणालाही हे करू देऊ नका.

१०. कोणत्या आवाजाला घाबरायचं आणि कोणत्याला नाही?

धातूवर धातू घासल्याचा जाड, करकरणारा आवाज आला की तिथेच थांबायचं. पॅडचा मसाला (घासणारा थर) संपून मागची पत्री डिस्क कोरतेय असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी थांबण्याचं अंतर वाढतं आणि थोड्याच वेळात डिस्कही निकामी होते. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारा 'खट' आवाज तितकाच गंभीर धरा. डिस्कचा किंवा कॅलिपरचा बोल्ट सैल असेल, किंवा डिस्कमध्ये खडा अडकला असेल.

गाडी मागे ढकलल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच येणारा 'टक' साधा असतो. पॅड आपल्या खाचेत एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. दोन भागांची तरंगती डिस्क असेल तर खड्ड्यांत ती किणकिणते, तेही चालतं. ड्रममधला घोगरा आवाज बहुधा साठलेल्या धुळीचा असतो आणि ड्रम उघडून पुसल्यावर जातो.

११. आवाज ब्रेकचा आहे की बेअरिंगचा, हे कसं कळेल?

चालत्या गाडीत ब्रेक अगदी हलका लावा. आवाज बदलला तर ब्रेकचा. ब्रेकने काहीच फरक पडला नाही, पण वळणावर गाडी झुकवल्यावर आवाज वाढला-कमी झाला, तर बेअरिंगचा. खात्रीसाठी चाक वर उचलून वरून-खालून धरा आणि हलवा. बेअरिंग गेलेलं असेल तर हाताला खेळ जाणवतो. असा खेळ असलेलं चाक पॅडना मागे ढकलतं आणि पुढच्या वेळी लिव्हर नेहमीपेक्षा खोल जातो, त्यामुळे बेअरिंगचा आजार ब्रेकचा वाटतो.

१२. पॅड न काढता किती उरलाय ते पाहता येतं का?

येतं. कॅलिपरच्या मागून किंवा खालून टॉर्च मारा. धातूची पत्री आणि डिस्क यांच्यामध्ये जो काळपट थर दिसतो तोच मसाला. जाडी मोजताना पत्री धरू नका, ही चूक फार होते. बऱ्याच पॅडवर झीज दाखवणारी खाच असते. ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. मर्यादा बहुधा १ ते १.५ मिलिमीटरच्या आसपास असते. मी २ मिलिमीटरवरच बदलतो, कारण शेवटचा थर पातळ असतो आणि उष्णता सरळ पिस्टनकडे, म्हणजे ऑइलकडे जाते. प्रश्न ५ मधली उकळी संपत आलेल्या पॅडवर लवकर येते ती त्यामुळे.

दोन्ही पॅड पाहा, आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं पाहा. बाहेरचा पॅड ठणठणीत आणि आतला पत्रीला टेकलेला, असं पुष्कळदा निघतं.

१३. एक पॅड संपलाय, दुसरा निम्मा शिल्लक. संपलेला तेवढाच बदलू?

जोडी बदला, आणि असं का झालं ते शोधल्याशिवाय नवे बसवू नका. एका बाजूला पिस्टन असलेल्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर पिना अडकल्या असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बाजूंना पिस्टन असतील तर एखादा पिस्टन हलत नसेल. पॅड तिरका झिजला असेल तरी संशय याच जागांवर. दुरुस्ती प्रश्न ४ मध्ये आहे.

१४. डिस्क कधी बदलायची? निळी पडली, चरे पडले, थरथरते, कशाला महत्त्व द्यायचं?

जाडीला सगळ्यात आधी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, 'मिन टीएच' अशा अक्षरांपुढे. समजा नवी डिस्क ४ मिलिमीटरची आणि कोरलेला आकडा ३.५ असेल, तर झिजायला फक्त अर्धा मिलिमीटर होता. हे डोळ्यांना कळत नाही. साध्या व्हर्निअरनेही फसगत होते, कारण पॅड जिथे घासत नाहीत तो बाहेरचा काठ जाड राहतो आणि व्हर्निअरचे जबडे त्यावरच टेकतात. मायक्रोमीटरने, घासलेल्या पट्ट्यात, पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

ब्रेक हलका लावल्यावर लिव्हर तालात धडधडत असेल तर डिस्क वाकडी आहे, किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी नाही, किंवा पॅडचा मसाला एखाद्या जागी थापला गेलाय. घरच्या घरी पाहायचं तर फोर्कला ताठ तार बांधा, तिचं टोक डिस्कच्या जवळ आणा आणि चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त झालेली दिसते. नेमकं मोजायला डायल गेज लागतो. बऱ्याच पुस्तिका ०.३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी मर्यादा देतात. बदलण्याआधी डिस्कचे बोल्ट आणि तिची बसायची जागा तपासा. हबवर गंजाचा एक खवला राहिला तरी नवी डिस्क वाकडी बसते.

बारीक गोल चरे चालतात. नखाला ठळक अडकणारे असतील तर जाडी मोजा. निळसर रंग म्हणजे डिस्क फार तापून गेली होती याची नोंद आहे. जाडी आणि सरळपणा ठीक असेल तर नुसत्या रंगासाठी बदलू नका, पण ताप कुठून आला ते शोधा. भोकांपासून निघालेली भेग दिसली तर मात्र दुसरं काही पाहायची गरज नाही. बदला.

१५. ड्रम ब्रेकचे लायनर (शूवरचा घासणारा थर) बाहेरून कळतात का?

ब्रेक प्लेटवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, जिथे दांडा फिरतो तिथे बहुतेक गाड्यांना बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबा. बाण खुणेपर्यंत आला तर शू संपले. नट आवळून पेडल पुन्हा वर आणता येतं, पण त्याने लायनर वाढत नाही, आणि नेमका हाच नट झीज लपवतो. पेडलची मोकळी चाल बहुधा २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. मागची चेन ताणली की चाक मागे सरकतं आणि ही चाल बदलते, म्हणून चेननंतर ब्रेक लावून पाहायचाच.

ड्रमही आतून झिजतो. त्याचा कमाल आतला व्यास ड्रमवर कोरलेला असतो. १३० मिलिमीटरच्या ड्रमला १३१ ही मर्यादा सामान्य आहे. आणि एक विनंती: मागच्या ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणारी पट्टी असते, तिचा बोल्ट आणि पिन दर वेळी हाताने तपासा. ती सुटली तर ब्रेक लावताच पूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जाम होऊ शकतं. पंक्चर काढताना ही पट्टी सोडावी लागते, आणि परत लावताना पिन विसरली जाते.

१६. जोर तर पुढच्या ब्रेकवर असतो, मग मागचे पॅड आधी कसे संपले?

ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. पण मागचे पॅड लहान असतात, चाकाने उडवलेला चिखल आणि चेनची घाण तिथेच येते, आणि पाय टेकलेला राहतो (प्रश्न ४). बरेच जण शहरात फक्त मागचाच ब्रेक वापरतात. तशी सवय असेल तर ती मोडा. तातडीच्या वेळी हात पुढच्या लिव्हरकडे आपसूक गेला पाहिजे.

१७. चेनला ल्युब मारताना मागच्या डिस्कवर उडालं. पुसलं की झालं?

डिस्क ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ फडक्याने पुसली की ती निर्दोष होते. पॅडचं तसं नाही. तेलाने माखून ब्रेक लावला गेला असेल तर मसाला तेल पितो आणि तापल्यावर पुन्हा पुन्हा बाहेर सोडतो. जाळून किंवा पेट्रोलमध्ये बुडवून पॅड वाचवण्याचे उपाय सांगितले जातात, त्यांच्या नादी लागू नका. पॅड बदला. पुढच्या वेळी डिस्कवर पुठ्ठा धरा.

१८. नवे पॅड घातले आणि पहिल्याच ब्रेकला लिव्हर हँडलला टेकला. काय चुकलं?

पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात. बसवून झाल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत जागेवरच दाबत राहायचा असतो. ते राहिलं की पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि तो रस्त्यावर गेला तर अपघात ठरलेला. मागच्या पेडललाही हेच लागू.

पॅड झिजत जातात तशी टाकीतली पातळी थोडी उतरते. मधे कुणी ती वर भरून ठेवली असेल तर पिस्टन मागे ढकलताना ऑइल उतू जातं. पातळी खाली दिसली की भरण्याआधी पॅड पाहा. पॅड जाड असूनही ती उतरत असेल तर गळती शोधा. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. मध्यम वेगातून २०-३० वेळा सावकाश ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, मधे थंड होऊ द्या. पहिले ३०० किलोमीटर ब्रेक थोडा कमी पकडेल असं धरून अंतर राखा.

कॅलिपर साफ करताना कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका, तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आणि आताची धूळही फुप्फुसांना नको आहे. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

१९. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत लिव्हर थरथरतो. एबीएस काम करतंय की डिस्क खराब आहे?

चाक घसरण्याच्या बेतात असेल, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर, वाळूवर, ओल्या पट्ट्यावर थरथर जाणवली तर एबीएस आपलं काम करतंय. कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला, वेगाबरोबर कमी होत जाणारी धडधड असेल तर प्रश्न १४ वाचा. अपवाद असा: अगदी हळू वेगात, थांबता थांबता एबीएस उगाच जागं होत असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी कडं पाहा. तिथे धातूचा कीस साठला किंवा कडं वाकलं की चाकाचा वेग चुकीचा मोजला जातो.

२०. गाडी गरम झाल्यावरच ब्रेक धरतो. दाखवायला नेईपर्यंत मोकळा, आणि सगळे म्हणतात काहीच नाही. आता?

हा सगळ्यात छळणारा प्रकार आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. पुढचा ब्रेक २०-२५ किलोमीटरनंतर आवळायला लागायचा. एका ठिकाणी दोनदा पॅड बदलून दिले, कॅलिपर साफ करून दिला. थंड गाडीत चाक भिंगरीसारखं फिरत असल्याने कुणाला काही सापडत नव्हतं.

कारण बहुधा मास्टर सिलिंडरमध्ये असतं. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना तिथलं एक सुईच्या टोकाएवढं भोक पाइपातलं ऑइल टाकीला जोडून ठेवतं. ऑइल तापून फुगलं की जादा ऑइल त्या भोकातून मागे जातं. भोक गाळाने बुजलं, किंवा लिव्हर पिस्टनला जरासा दाबून ठेवत असल्यामुळे ते झाकलं गेलं, तर फुगलेल्या ऑइलला वाटच उरत नाही. ते पॅडना डिस्कवर रेटतं, त्याने ताप वाढतो, तापाने ऑइल आणखी फुगतं. थंड झालं की सगळं आपोआप सुटतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तरी हेच घडू शकतं.

म्हणून तपासणी ब्रेक धरलेला असताना, जागेवरच करावी लागते. निपलला बसणारा पाना, नळी आणि बाटली बरोबर ठेवा, आणि ब्रेक आवळला की रस्त्याच्या कडेला प्रश्न ४ मधली निपलची चाचणी करा. मात्र कॅलिपर तेव्हा तापलेला असतो, तेव्हा हातमोजे हवेतच. निपल सैल करताच चाक सुटलं तर कॅलिपरच्या मागे लागू नका. टाकीचं झाकण उघडून लिव्हर हळूच दाबा: भोक मोकळं असेल तर सुरुवातीलाच ऑइलच्या पृष्ठभागावर बारीकशी उसळी दिसते. ती दिसली नाही तर आधी लिव्हर तपासा. माझ्या गाडीत पडल्यावर बदललेल्या लिव्हरचं टोक मूळ लिव्हरपेक्षा किंचित जाड होतं आणि पिस्टनला कायम दाबून ठेवत होतं. मूळ मापाचा लिव्हर लावला, टोक आणि पिस्टन यांच्यामध्ये पुस्तिकेत दिलेली बारीक फट ठेवली. लिव्हर बरोबर असेल तर मास्टर सिलिंडर उघडून भोक साफ करावं लागतं, आणि तेही झालं असेल तर आतून फुगलेला रबरी पाइप बदलावा लागतो. दुरुस्ती झाल्यावर थंड गाडीत चाक फिरवून समाधान मानू नका. ३० किलोमीटर चालवून, उतरून, झळ पाहा.